एका श्वासात किती आकडे

आमचं घर पुण्यात धायरीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, 34 पायऱ्या. 2025 च्या जानेवारीत एका शनिवारी ही दळण घेऊन वर येत होती आणि मधल्या वळणावर डबा ठेवून बसून राहिली. मी खाली गेलो तर म्हणाली, "अहो, पायात जीवच नाही असं वाटतंय." हिचं वय 44. घरी ब्लाऊज शिवते, दिवसाचे आठ-आठ तास पायमशीन चालवणारी बाई. पाय भरून आले असतील, असंच दोघांना वाटलं.

दहा-बारा दिवसांपूर्वी तिला जुलाब झाले होते. तीन दिवसांत थांबले आणि आम्ही ते विसरूनही गेलो. त्या संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात दाखवलं. कॅल्शियम कमी असेल, दगदग झाली असेल, असं म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. तळपायाच्या मुंग्या रविवारी पोटऱ्यांपर्यंत आल्या, रात्री हातातून चहाचा कप निसटला. सोमवारी पहाटे तिला कुशीवर वळता येईना. तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावली.

मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या पायाला. पाय जागचा हलला नाही. मग ते म्हणाले, "ताई, मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा." ती 26 पर्यंत गेली. मला वाटलं, चांगलं मोजलं की. डॉक्टरांनी तो आकडा वेळेसह कागदावर लिहिला. दुपारी पुन्हा विचारलं, 19. रात्री 14. श्वासाचे स्नायू किती दमलेत ते यावरून कळतं, हे मला तेव्हाच समजलं. छातीला यंत्र न लावता, नुसत्या मोजण्यावरून.

आजाराचं नाव गिया बारे सिंड्रोम, सगळे जीबीएस म्हणतात. त्याच आठवड्यात पेपरात हे नाव रोज यायला लागलं. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी, आमच्याच भागातली गावं. पुढे पुणे परिसरातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. एरवी हा आजार लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूशी शरीर लढतं, आणि त्या लढाईत तयार झालेली हत्यारं चुकून आपल्याच नसांवर चालतात. आमच्या डॉक्टरांनी वायरचं उदाहरण दिलं. बऱ्याच जणांत नसेवरचं वेष्टण जातं, ते तुलनेनं लवकर भरून येतं. हिच्या तपासणीत आतली तारही दुखावलेली दिसत होती. "वेळ लागेल," ते म्हणाले. किती, ते मी विचारलं नाही.

इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध शिरेतून सुरू झालं. वजनावर डोस असतो. हिचं वजन 58 किलो, म्हणून दिवसाला 5 ग्रॅमच्या 5 बाटल्या, असे 5 दिवस. काचेच्या छोट्या बाटल्या, फ्रीजमधल्या. पंपातून थेंबथेंब जाताना मी घड्याळ बघत बसायचो. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून हे औषध बनतं, हे मला सिस्टरांनी सांगितलं. तेव्हापासून मी दर तीन-चार महिन्यांनी रक्तदान करतो.

इथे एक सांगतो, कारण मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं. या औषधाने दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसत नाही. ते आजाराला आवर घालतं, गेलेली ताकद परत आणत नाही. मी मात्र प्रत्येक बाटलीनंतर तिच्या पायाच्या बोटांकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी तिचा आकडा 9 वर आला, घोट गिळताना ठसका लागायला लागला, आणि तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. औषध फुकट गेलं म्हणून मी जिन्यात बसून रडलो. ते फुकट गेलं नव्हतं. आजार वाढत जाण्याचे दोन ते चार आठवडे असतातच.

बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. एकूण 31 दिवस मशीनचा श्वास. डोळे पूर्ण मिटत नव्हते, म्हणून रात्री मलम घालून वरून चिकटपट्टी लावायचे. पण ती पूर्ण शुद्धीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, पावलावर चादर घासली तरी आग होत होती. शरीर हलत नाही म्हणजे माणूस झोपलंय असं धरून लोक पलंगाशेजारी काहीही बोलतात. एकजण तिच्या उशाशीच म्हणाला, "ही केस लांबणार, वर्षभर तरी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं ते पुसायलाही तिचा हात उठत नव्हता. त्यानंतर मी आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात जोडून सांगायचो, तिला ऐकू येतं.

लेक बारावीला होती, 11 फेब्रुवारीपासून पेपर. कऱ्हाडहून माझी अक्का येऊन राहिली म्हणून घर चाललं. लेकीनेच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने मुळाक्षरं लिहून दिली. एका ओळीत क ख ग घ, खाली च छ ज झ, मग ट, त, प, य. आपली वर्णमाला अशा ओळींनी बांधलेली आहे याचे उपकार मला तेव्हा कळले. मी ओळीवर बोट ठेवायचो, बरोबर ओळ आली की ती पापणी हलवायची, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या. प-ठ म्हणजे पाठ दुखतेय. प-य म्हणजे पाय सरळ करा. एकदा तिने च-ह-घ असं सांगितलं. मी चक्रावलो. लेकीने ओळखलं, "बाबा, चहा घ्या म्हणतेय." मी सकाळपासून उपाशी होतो ते तिला माझ्या तोंडावरून दिसलं होतं.

आणि एक शब्द ती रोज सांगायची. ग-र. मी समजलो, घ म्हणायचं असेल, पापणी एक अक्षर आधी लवली असेल. घर. मी तिच्या कपाळावरून हात फिरवून म्हणायचो, "जाऊ हं, लवकरच जाऊ घरी." ती डोळे बंद करण्याचा प्रयत्न करायची. मला वाटायचं, तिला धीर आला.

फेब्रुवारीच्या शेवटी व्हेंटिलेटर सुटला. काही दिवसांनी नळीच्या तोंडावर बोट धरून बोलायला शिकवलं. पहिल्या दिवशी नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी मी कान तोंडाशी नेला तेव्हा म्हणाली, "गार. गार लागत होतं. एसी. तुम्ही रोज घरीच नेत होतात." महिनाभर ती थंडीने काकडत होती आणि मी तिला घराचं आश्वासन देत होतो. चादर ओढायला मला एक मिनिट लागलं असतं. त्या गोष्टीची टोचणी अजून गेलेली नाही. जीबीएसच्या माणसाजवळ बसणाऱ्या कुणालाही मी हेच सांगतो, की अक्षरांच्या तक्त्याआधी गार, गरम, पाठ, पाय, तहान, लघवी असे ठरलेले शब्द लिहून घ्या आणि ते एकेक विचारा. आपण अंदाज बांधायचा नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कंपनीचा मेडिक्लेम 16 दिवसांत संपला. मग एफडी, पीएफ, तिच्या पाटल्या. हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी ट्रस्टना अर्ज करायला बसवलं नसतं तर आम्ही तरलो नसतो. आयसीयूच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा. आणि घरी आल्यावरच्या फिजिओचा खर्च आमच्या पॉलिसीत बसत नव्हता, तो शेवटी सगळ्यात जास्त टोचला.

30 मार्चला गुढीपाडवा होता. त्याच्या चार दिवस आधी घरी आलो. गळ्याचं भोक बुजलेलं, अन्न तोंडाने, मानेवर ताबा, खांदे थोडे. दंडाखाली आणि कमरेखाली जवळजवळ काही नाही. चार पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून 34 पायऱ्या वर आणलं. सोसायटीतल्या काही जणी दारातूनच बोलल्या, आत आल्या नाहीत. हा आजार शेजारी बसल्याने लागत नाही, हे मी प्रत्येकीला सांगत बसलो नाही. तेवढी ताकद नव्हती.

हॉस्पिटलातले दिवस कठीण, असं सगळे म्हणतात. आम्हाला घरचे जास्त कठीण गेले. एअर बेड, दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, स्पंज. वीस वर्षांच्या संसारात जे एकमेकांपासून राखलेलं असतं ते एका आठवड्यात संपलं. पहिल्यांदा तिला स्वच्छ करताना तिने मान भिंतीकडे वळवली. बोललो काहीच नाही आम्ही. आयसीयूत तिच्या केसांचा गोळा झाला होता, सगळे म्हणाले कापून टाका. मी खोबरेल लावून तीन दिवस संध्याकाळी एकेक बट सोडवत बसलो. वेणी घालायला लेकीने शिकवलं. ही तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलायला लागली, पाठमोरी असताना.

एक दिवस मी तिची मोजपट्टी घेऊन तिच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत माप घेतलं. 39 इंच. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते असं ऐकलं होतं. म्हणजे हजार दिवस! डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असा हिशोब करू नका, सगळीच नस मुळापासून वाढायची नसते. पण एक गोष्ट खरी होती. जे शेवटी गेलं ते आधी परत येतं. चेहरा, मान, खांदे, मग हात, आणि तळपाय सगळ्यात शेवटी. तो क्रम कळल्यावर मी बोटांकडे टक लावून बसणं सोडलं.

मी तेव्हा कामावर बिनपगारी रजा टाकली होती आणि तिचं सगळं मीच करायचो. पाणी तोंडाला लावायचो, घास भरवायचो, चष्मा चढवायचो. मे महिन्यात फिजिओ मॅडम मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "काका, त्यांच्या हातात आता ताकद येतेय. ती वापरायला तुम्ही त्यांना जागाच देत नाही." मला राग आला. चार महिने रात्रीची झोप नाही आणि वर हे ऐकायचं. मी त्या दिवशी जेवलोही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी भाचीचा साखरपुडा होता, व्हिडिओ कॉलवर बघायचा होता. तिला गाऊन नको होता, साडी हवी होती. हजारो ब्लाऊजना हुक लावलेली बाई, आणि स्वतःच्या ब्लाऊजचा पहिला हुक तिच्या बोटांतून सुटत होता. मी सवयीने पुढे झालो. ती ओरडली, "सरका तुम्ही! मला लावू द्या." इतक्या मोठ्याने ती आजारानंतर बोललीच नव्हती. मी खोलीबाहेर जाऊन दार लोटून उभा राहिलो. आतून तिचा श्वास ऐकू येत होता. एकदा वाटलं रडतेय, हात कडीवर गेला, मागे घेतला. पंचवीस मिनिटं लागली. पाचपैकी तीन हुक लागले होते, एक घर चुकून. साखरपुडा निम्मा होऊन गेला होता. पदर वर घेऊन तिने राहिलेला बघितला.

तेव्हापासून आम्ही ठरवून घेतलं. ती मागेल तेव्हाच हात द्यायचा. मला हे उचलण्या-ठेवण्यापेक्षा अवघड जातं. आणि दुसऱ्या बाजूने, अति करूनही चालत नाही. जिद्दीने एक दिवस तासभर व्यायाम केला तर पुढचे दोन दिवस ती पलंगावरून उठायची नाही. या आजारातला थकवा झोपेने जात नाही. आम्ही दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले.

पालख्या पुण्यात आल्या त्या आठवड्यात ती वॉकर धरून उभी राहिली, भिंतीला पाठ टेकून, चाळीस आकडे होईपर्यंत. मोजत तीच होती, मोठ्याने, दोन श्वासांत. दोन्ही पावलं खाली लोंबायची म्हणून बुटात बसणारे स्प्लिंट करून घेतले. अनंत चतुर्दशीला सोसायटीचा गणपती हलला तेव्हा ती कठडा धरून स्वतः खाली उतरली. मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, हात न लावता. वर यायला पाऊण तास लागला, मधल्या वळणावर खुर्ची ठेवली होती.

डाव्या पायाचं स्प्लिंट दिवाळीनंतर सुटलं. उजव्याचं अजून आहे, तळव्याला अजून बधिरपणा आहे. पायमशीन दोन्ही पायांनी चालवायचं, ते जमेना. मागच्या महिन्यात तिनेच मिस्त्रीला बोलावून मशीनला मोटार बसवून घेतली आणि पेडल डाव्या पायाखाली सरकवायला सांगितलं. सुईत दोरा ओवायला चार खेपा लागल्या. मी दारात उभा होतो. अस्तराच्या तुकड्यावर पहिली टीप वाकडी गेली. तिने ती उसवली, कापड सरळ केलं आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवला.