काल्पनिक साथ जगभर पसरायला किती दिवस लागतात? माझा अनुभव (एक्सेलसकट)

यंदा एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली होती. साथीची कथा, रोग पूर्ण काल्पनिक, सुरुवात ऊसतोड कामगारांच्या तळावर आणि मग सगळं जग. संपादक बाईंनी खर्डा वाचला आणि एकच विचारलं, "नोव्हेंबरात कारखान्याच्या तळावर पहिला पेशंट आणि जानेवारीत अख्खं न्यूयॉर्क आजारी, हे कुठल्या हिशोबाने?" आता प्रश्न रास्त होता, आणि मी बी.कॉम. असलो तरी एक्सेल रोजचंच आहे, तेव्हा म्हटलं चला काढूच हिशोब.

पहिला हिशोब तर पाठकोऱ्या कागदावर होतो. एकाचे दोन, दोनाचे चार असं ३३ वेळा दुप्पट केलं की ८५९ कोटी होतात, म्हणजे जग संपलं. दर चार दिवसांनी दुप्पट धरलं तर ३३ चोक १३२ दिवस. बास. हा आकडा तसा भाबडा आहे पण टाकाऊ नाही, कारण याच्यापेक्षा लवकर तर काही होणार नाही एवढं तो सांगतो.

भाबडा का, तर शेवटी शेवटी नवीन माणूस सापडतच नाही, ज्याला भेटावं त्याला आधीच होऊन गेलेलं असतं. त्यासाठी एसआयआर नावाचं मॉडेल आहे. तीन कॉलम: अजून न झालेले, सध्या आजारी, आणि बरे झालेले किंवा गेलेले. माझ्या रोगात माणूस सहा दिवस दुसऱ्याला देऊ शकतो आणि तेवढ्यात सरासरी दोघांना देतो, म्हणजे ज्याला आर-नॉट म्हणतात तो २. एक टीप देतो, एक ओळ एका दिवसाची ठेवू नका, आकडे लांबतात, मी एका तासाची ठेवली. आठ हजारांवर ओळी झाल्या, लॅपटॉप जरा कण्हला, पण चाललं. उत्तर आलं की १३६व्या दिवसाच्या आसपास पीक (शेतातलं नव्हे, साथीचा कळस), त्या वेळी जगातले १५ टक्के लोक एकदम आजारी, आणि सगळं संपल्यावर बघितलं तर २० टक्के लोकांना रोग झालेलाच नाही. म्हणजे "सगळ्यांना होणार" हे वाक्य कथेतून तिथेच गेलं. आणि उतार चढापेक्षा लांब निघाला हो, पिकापासून शेवटचा पेशंट बरा होईपर्यंत अजून सात महिन्यांच्या वर.

हे मॉडेल कुणाचं म्हणून शोधायला गेलो तर करमॅक आणि मॅकेंड्रिक, १९२७ सालचा पेपर. आणि त्यात पडताळणीला घेतलेला आलेख कुठला असेल? मुंबईचा! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे मृत्यू, आठवड्यागणिक ठिपके आणि त्यावरून गेलेली समीकरणाची घंटेसारखी रेघ. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेला माणूस. ज्या प्लेगने १८९७ साली सावित्रीबाई गेल्या आणि ज्याच्यापायी पुण्यात रँडचा खून झाला त्याच प्लेगच्या नंतरच्या एका हंगामातली मढी लंडनच्या पेपरात ठिपके होऊन बसलीत, हे बघून मी बराच वेळ पुढे सरकलो नाही. बरं, प्लेग उंदीर आणि पिसवांचा, माणसाकडून माणसाकडे थेट जाणारा नव्हे, त्यामुळे रेघ बसली तरी आतली यंत्रणा वेगळी, हे पेपर लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं. रेघ जुळली म्हणजे कारण सापडलं असं नसतं.

मग शीट घेऊन आतेबहिणीला फोन लावला. ती सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे साथी आणि सार्वजनिक आरोग्याचा विषय, शिकवते. म्हटलं, "ताई, १३६ दिवस बरोबर वाटतात का गं?" ती म्हणाली, "अरे, तू विचारतोयस काय ते आधी ठरव. पोचायला किती, लागायला किती, की संपायला किती? आणि तुझ्या शीटमध्ये आठशे कोटी माणसं एकाच खोलीत बसलीत, तळावरची बाई सकाळी शिंकली की दुपारी पेरू देशातल्या माणसाला सर्दी."

खरं कामाचं वाक्य हेच. मग एका खोलीच्या खोल्या केल्या: तळ, मुंबई, दुबई, आणि पुढचं जग.

तळाची खोली आधी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. कोप्या (झोपड्या) एकमेकींना लागून, पाण्याचा टँकर एक, पहाटे फडात जाताना सगळे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पसरायला जागा चांगली, पण गंमत अशी की सुरुवातीला आकडे लहान असतात आणि लहान आकड्यांवर नशिबाचं राज्य असतं. शीट म्हणते आज १.४ आजारी, आता ०.४ माणूस कुठून आणायचा? म्हणून तळासाठी वेगळी शीट केली, एक्सेलचं रँड फंक्शन (कुठलाही आकडा नशिबाने काढून देणारं) टाकून, एफ९ दाबलं की नवा फासा. तर दोनातल्या एका वेळेला साथ पेटतच नाही. पहिला पेशंट कुणाला द्यायच्या आधीच बरा होतो, किंवा दोघातिघांत फिरून विझतं. आर-नॉट २ असेल तर एका पेशंटपासून सुरू झालेली साथ विझायची शक्यता बरोब्बर निम्मी, हे सूत्रातूनही निघतं. आणि पेटली तरी कधी लगेच, कधी दोन-तीन आठवडे तीन-चार जणांत रेंगाळून. म्हणजे "पहिला पेशंट अमुक तारखेला" असं कितीही ठासून लिहिलं तरी पुढच्या तारखा त्याच्यावरून नेमक्या निघत नाहीत.

आता खोलीतून खोलीत जायचा हिशोब, हा मला सगळ्यात आवडला. समजा कारखान्याच्या परिसरातून रोज पाचशेत एक माणूस मुंबईला जातो. तर तळाकडे साधारण ८० आजारी झाले की त्यातला एखादा एसटीत बसलेला असणार, आणि ८० व्हायला लागतात २६-२७ दिवस. मुंबईतून रोज हजारात एक परदेशी जातो असं धरलं (माझा अंदाज, कमीजास्त करा), तर तिथे १६७ आजारी व्हावे लागतात, अजून ३१ दिवस. दुबईची गोष्टच वेगळी, २०१९ साली त्या एका विमानतळावरून ८ कोटी ६० लाखांवर प्रवासी गेले-आले, तिथे पोचलं की पुढे निघायला मला पंधरा दिवससुद्धा धरावे लागले नाहीत. ब्रोकमन आणि हेल्बिंग या दोघांनी २०१३ मध्ये हीच कल्पना नीट मांडली, की साथीसाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, किती माणसं जातात त्यावर मोजायचं. त्या हिशोबाने मुंबईला दुबई गडचिरोलीपेक्षा जवळ.

तारखा लावल्या तेव्हा कथा बदलली. १ नोव्हेंबरला तळ, नोव्हेंबरअखेर मुंबई, डिसेंबरच्या शेवटी ख्रिसमसच्या गर्दीत पहिला आजारी माणूस विमानात. मुंबईचं पीक तिथे पोचल्यापासून शंभर दिवसांनी, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. एका खोलीच्या शीटमध्ये मार्चच्या मध्यात अख्ख्या जगाचं पीक येत होतं, इथे तेवढ्यात फक्त मुंबईचं आलं! बाकी मोठी शहरं एप्रिल-मे, आणि आडगावं त्याच्याही मागून. जानेवारीतलं न्यूयॉर्क रद्द.

खऱ्या साथींशी ताडून बघितलं. २००९ चा स्वाइन फ्लू एप्रिलमध्ये मेक्सिको-कॅलिफोर्नियात सापडला, भारतात पहिली नक्की केस १६ मे, आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली तेव्हा ७४ देशांत होता. कोविडची खबर ३१ डिसेंबर २०१९ ची, केरळात ३० जानेवारी, पुण्यात ९ मार्च, आणि ११ मार्चला ११४ देश. म्हणजे "पोचायला" दोन-अडीच महिन्यांत एक-तृतीयांश ते निम्म्याहून जास्त देश, हे माझ्या खोल्यांशी बरं जुळतं. बोटीच्या जमान्यात प्लेगचं हेच हाँगकाँग १८९४, मुंबई १८९६, सिडनी आणि सॅन फ्रान्सिस्को १९००.

मग कथेतला मंत्री विमानं बंद करतो तो प्रसंग. ९० टक्के विमानं बंद केली तर किती फायदा? १४ दिवस. फक्त! कारण दहापट कमी माणसं जाणार तर दहापट जास्त आजारी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि दहापट व्हायला या रोगाला १४ दिवस पुरतात. ९९ टक्के बंद केली तरी २८. एखाद्या बेटावर दहा लाखात एकच माणूस रोज जात असेल तरी सव्वादोन-अडीच महिन्यांत तिथे रोग हजर. पण शंभर टक्के बंद केलं तर गोष्टच वेगळी. १९१८ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडहून तलून नावाची बोट पश्चिम सामोआला लागली आणि तिथली सुमारे पाचवा हिस्सा माणसं फ्लूने गेली. शेजारच्याच अमेरिकन सामोआने बोटींना कडक क्वारंटाइन लावलं, तिथे फ्लूने एकही मेलं नाही. कोविडमध्ये टोंगात पहिली केस ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, अंटार्क्टिकालासुद्धा त्याच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये पोचला होता. त्यामुळे "जगातल्या प्रत्येक देशात" असं लिहायचं असेल तर उत्तर विषाणूवर नाही, शेवटच्या बेटाच्या बंदरावर कोण बसलंय त्यावर ठरतं. मंत्र्याचं भाषण मी ठेवलं, पण त्याच्या सचिवाच्या तोंडी "साहेब, चौदा दिवस मिळतील" एवढं घातलं. ते चौदा दिवस कमी नाहीत असं ताईचं मत, तेवढ्यात ऑक्सिजनच्या लाइनी टाकून होतात म्हणे.

कुणाला करून बघायचं असेल तर दोनच आकडे बदला. सहा दिवसांचे तीन केले की वरच्या सगळ्या मुदती साधारण निम्म्या होतात. आर-नॉट दोनाचा १.३ केला तर एका खोलीतसुद्धा पिकाला चौदा महिन्यांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात लसही येईल, निवडणूकही, लोकांच्या सवयीही बदलतील, तेव्हा त्या शीटवर फार भरवसा ठेवू नका. ताईने आता शाळेच्या सुट्ट्या आणि आषाढी वारी घालायला सांगितलीय. वारीचं अवघड आहे, कारण ती खोली स्वतःच चालत जाते, रोज मुक्काम वेगळा आणि गावोगावची माणसं आत-बाहेर. कुणी असलं एक्सेलमध्ये केलं असेल तर सांगा.