गप्प पडलेला माणूस आधी बघा

मागच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भूकंपाची रंगीत तालीम झाली. जखमी म्हणून कॉलेजची मुलं झोपवलेली. मेकअप इतका हुबेहूब, की कुणाचं हाड बाहेर आलेलं दिसावं. माझं काम एवढंच, प्रत्येकाला बघून रंगाची पट्टी बांधायची.

कुणाला आधी उचलायचं ते ठरवायची ही 'स्टार्ट' पद्धत इथलीच, १९८३ ची. न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि होग हॉस्पिटल यांनी मिळून बसवलेली. ज्यांना चालता येतं त्यांना हाक मारून बाजूला काढायचं, ते हिरवे. उरलेल्यांत श्वास नसेल तर मान सरळ करून बघायचं. सुरू झाला तर लाल, तरी नसेल तर काळी पट्टी, म्हणजे गेलेला. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, मनगटावर नाडी लागत नाही, किंवा सांगितलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे आधी उचलायचा. बाकीचे पिवळे, थोडं थांबू शकणारे. एकापाशी अर्धा मिनिट, की पुढे.

एका मुलीने माझा पाय घट्ट धरला. मांडी मोडलेली, किंचाळत होती. मी तिच्यापाशी बसले, धीर देत राहिले. चार पावलांवर एक मुलगा गाडीच्या चाकाला टेकून गप्प होता. मी पोचले तोवर शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या हाताला काळी पट्टी बांधली होती. तालीम संपल्यावर तो पाणी प्यायला आला, तेव्हा माझी नजर वर होईना.

त्या रात्री आबांना फोन लावला. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्याच रात्री गणपती बोळवलेले. उजाडताच आबा जीप घेऊन किल्लारीकडे गेले होते. म्हणाले, "जे वरडत होते त्यांनाच आधी उचललं, लेकी. गप पडलेल्यांकडं ध्यानच गेलं नाही." तीस वर्षांत हे ते कधी बोलले नव्हते.

जानेवारीत सुट्टीवर गेले तेव्हा शाळेच्या मैदानावर गावातल्या पोरांना जमवलं. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॉली उलटली, की ॲम्ब्युलन्सच्या आधी हीच पोरं पोचतात. चार रंगांच्या रिबिनी आणल्या, रक्तासाठी तेलात कालवलेलं कुंकू. पहिल्या फेरीत सगळे ओरडणाऱ्याकडेच धावले. आबा मुद्दाम कडेला, कडुलिंबाखाली गप्प पडून होते.

तिसऱ्या फेरीत ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा मध्येच थांबला, "चालता येतंय त्यांनी पाराकडं चला!" म्हणून ओरडला आणि आबांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजू लागला.