घड्याळाचे १७२०, पायांचे ११८०

आज सकाळी वजनाची आठवड्याची सरासरी काढली: ८५.१ किलो! मागच्या नोंदीत मी ८८.४ वर पाच आठवडे अडकून बसलो होतो, ते आठवत असेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सल्ले दिले. झोप वाढवली, थायरॉइड तपासून घेतलं, ते नॉर्मल निघालं. गाठ होती दुसरीकडेच: सायकलच्या राइडमध्ये जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का, आणि खायच्या तर किती.

ताटातल्या मोजणीवर माझा भरवसा होता आणि तो बरोबर निघाला. कॅलरी मोजायच्या ॲपमधली 'एक भाकरी' मी कधीच सोडून दिली, कारण आमच्या घरची भाकरी त्या आकड्याच्या दुप्पट-अडीचपट भरते. आता परातीत पीठ घ्यायच्या आधीच काट्यावर ठेवतो. गोळा मोजून उपयोग नाही, त्यात पाणी येतं. ३०० ग्रॅम कोरडं पीठ, त्याच्या चार भाकरी, म्हणजे एकीला ७५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीला १०० ग्रॅममागे ३३४ कॅलरी दिल्यात, म्हणून माझी एक भाकरी २५० ची. इथल्या गुलमंडी बाजारातून आणलेला साधा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो, महागाचा घेऊ नका. आईला हे अजून पटलेलं नाही. "मोजून खाल्लं की अंगी लागत नसतं. कशाला मोजायलास रे बाबा?" असं ती रोज म्हणते.

चूक खर्चाच्या बाजूला होती. रविवारी वेरूळ जाऊन-येऊन ६० किलोमीटर, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ म्हणतं १७२० कॅलरी. बाकी चार सकाळी विद्यापीठाच्या बाजूचा चाळीस मिनिटांचा फेरा, दर वेळी ४३०. आठवड्याची बेरीज ३४४०. तेवढं सगळं मी प्रामाणिकपणे परत खात होतो.

मग सायकल ग्रुपमधल्या मित्रानं एका रविवारपुरते त्याचे पॉवर मीटरचे पेडल दिले. तेच दौलताबाद, तोच घाट, तेच वेरूळ. घरी येऊन पाहिलं तर काम भरलं ११८० किलोज्यूल. ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: पेडल आपला जोर थेट मोजतं, अंदाज लावत नाही. सायकल मारताना शरीर साधारण २४ टक्के ऊर्जाच कामात उतरवतं, बाकीची उष्णता होते. आणि खाण्यातली एक कॅलरी (खरं तर किलोकॅलरी) म्हणजे ४.१८ किलोज्यूल. हे दोन आकडे एकमेकांना जवळपास कापतात, म्हणून जेवढे किलोज्यूल तेवढ्याच कॅलरी धरायच्या. पाय म्हणाले ११८०, मनगट म्हणालं १७२०. मी तो स्क्रीन तीनदा उघडून पाहिला.

घड्याळाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटावर सात यंत्रं तपासली होती. हृदयाचे ठोके सातपैकी सहा यंत्रांनी पाच टक्क्यांच्या आत दाखवले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ठोक्यांसाठी घड्याळ बांधा, जेवणासाठी नको, हे माझं आता पक्कं मत आहे.

पण ११८० सुद्धा पूर्ण आपले नाहीत, हे मला दोन दिवसांनी रात्री हिशोब करताना सुचलं. ती राइड ३ तास २० मिनिटांची होती. तेवढा वेळ घरी बसलो असतो तरी २९० च्या आसपास गेल्याच असत्या, आणि त्या माझ्या रोजच्या आकड्यात आधीच धरलेल्या आहेत. त्या वजा केल्या की उरतात ८९०. १७२० च्या जेमतेम निम्म्या.

आणि तिसरी गळती तर माझ्याच हाताची. माझा बीएमआर (नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जाळतं त्या कॅलरी) मिफ्लिन-सेंट जोर सूत्रानं १७५० येतो (४३ वर्षं, १७२ सेंमी, तेव्हाचं वजन ८८.४). दिवसभर खुर्चीत बसून काम, म्हणून गुणायला हवं होतं १.२ ने: २१००. मी ॲपमध्ये 'थोडा ॲक्टिव्ह' निवडला होता, म्हणजे १.३७५ ने, आणि आले २४००. का निवडला? सायकल चालवतो म्हणून! म्हणजे सायकल तिथे एकदा मोजली आणि वर घड्याळातून पुन्हा.

आता जमाखर्च बघा. २४०० वजा वजन उतरावं म्हणून ५००, रोजचे १९०० खायचे. आठवड्याचे १३,३००, त्यात परत खाल्लेले ३४४०: एकूण १६,७४०. खरा खर्च २१०० गुणिले सात म्हणजे १४,७००, त्यात राइडचे निव्वळ १७६० (रविवारचे ८९०, छोट्या फेऱ्यांचेही तसेच निम्म्याच्या आसपास, ८७०) धरले तर १६,४६०. रोज ५०० च्या डेफिसिटवर (तुटीवर) आहे असं समजून मी पाच आठवडे मेंटेनन्सवर (वजन आहे तिथेच ठेवणाऱ्या खाण्यावर) बसलो होतो, उलट आठवड्याला २८० वरच. किलोभर चरबीला ७७०० धरतात, तेव्हा एवढ्यानं काटा हलणारच नव्हता.

एवढं कळल्यावर मी तावातावानं दुसऱ्या टोकाला गेलो. १६०० खायच्या, परत काहीच नाही. दोन आठवड्यांत ८७.२. मग श्रावणातला तो शनिवार. त्या आठवड्यात रविवारऐवजी शनिवारी निघालो, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची गर्दी बघायची होती. वेरूळहून परत खुलताबादचा चढ चढताना अचानक हात थरथरायला लागले, कानात घुमल्यासारखं झालं आणि गिअर कुठला लावायचा हेच सुचेना. रस्त्याकडेला बसलो. रात्रभर चालून आलेल्या पोरांपैकी एकानं न विचारता केळ आणि नारळाचा तुकडा हातावर ठेवला. पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोरचं स्वच्छ झालं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी जे खाल्लं ते मोजलं नाही, पण दोन आठवड्यांची बचत त्यात बरीच गेली असणार. सोमवारी काटा दीड किलो वर होता. त्यातला मोठा भाग पाण्याचा. रिकामं झालेलं ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) भरताना प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरतं. गुरुवारपर्यंत ते उतरलं. नव्यांनी लांब राइडनंतर दोन-तीन दिवस काट्याकडे बघूच नये.

तेव्हापासूनचे चार आठवडे असे: पाया १६००. तासाच्या आतल्या फेऱ्यांचं काहीच परत नाही. लांब राइडला घड्याळाच्या निम्मे, म्हणजे ८६०. त्यातले ३०० सायकलवरच, दर पाऊण तासानं गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू. बाकी दुपारच्या ताटात, दह्याबरोबर दोन धपाटी आणि वरण. कागदावर आठवड्याला ५७० ग्रॅम उतरायला हवं होतं. चार आठवड्यांत २.१ किलो उतरलं, म्हणजे ५२५. इतका जुळलेला हिशोब या दीड वर्षात मी पहिल्यांदा पाहिला.

हे लिहिता लिहिताच वाटतंय, सायकलवरचे ३०० सोडून ८६० मधले बाकीचे सगळे राइडनंतरच का खायचे? एक भाकरी शनिवारच्या रात्रीच वाढवली तर चढाला ती कामी येईल आणि रविवार दुपारची ती खा-खाही कमी होईल. या शनिवारपासून तेच करतो. आईला आधीच सांगून ठेवलंय, ती खूश आहे.

आणि वरचा जमाखर्च पुन्हा वाचताना एक भोक दिसलं. सकाळच्या छोट्या फेऱ्यांनाही मी तोच निम्म्याचा हिशोब लावलाय, तो कधी मोजलाच नाही. सपाट रस्ता, सिग्नल, थांबणं... तिथे घड्याळ कदाचित आणखी चुकत असेल. मित्राला आत्ताच फोन केला. पेडल बुधवारी मिळतायत, गुरुवारी आणि शुक्रवारी विद्यापीठाचा फेरा त्यावर मारतो. आकडे आले की इथेच टाकतो.