शेरा

आमच्या गाण्याच्या बालवृंदाची एक हजेरीवही आहे, लाल पुठ्ठ्याची, २००९ सालापासूनची. नाव, इयत्ता, पट्टी (म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते) आणि शेवटच्या रकान्यात शेरा. गट सोडलेल्या मुलींपुढे बहुतेक ठिकाणी 'दहावी' लिहिलंय, मुलग्यांपुढे 'आवाज फुटला'. परवा पुन्हा ती वेळ आली आणि माझ्या हातून शेरा काही लिहिला गेला नाही.

स्पर्धा कोल्हापूरला होती. अकरा मुलं, एक अभंग, आठ मिनिटं. अंतरा एकट्याने म्हणायचा होता सातवीतल्या एका मुलाने. सांगलीहून निघाल्यापासून तो गप्प. मला वाटलं, गाडी लागतेय. विंगेत पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सा धरला आणि म्हटलं, "लाव." सा लागला, पंचमापर्यंतही बरा गेला. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, गळा असा काही चिरकला की शेजारच्या दोघी फिस्सकन हसल्या.

लोकांना वाटतं, पट्टी उतरवली की झालं. पेटीवाल्याचं काय जातं, बोटं सरकवायची. पण काळी चारला लावलेला तबला काळी दोनपर्यंत उतरत नाही. वाद्यांत अडकवलेले लाकडी गठ्ठे कितीही ठोका, त्याला मोठ्या तोंडाचा वेगळाच लागतो. तोही उसना मिळाला असता एखाद्या गटाकडून. खरी अडचण चिल्ल्यापिल्ल्यांची. तिसरीतल्या पोरांना काळी दोनचा सा म्हणजे नुसती हवा. शिवाय या वयात मुलींचा आवाज दोन-तीन सुरांनी उतरतो, मुलाचा जवळजवळ सप्तकभर, आणि तोही आज इथे, उद्या तिथे. कुठली पट्टी देणार?

अंतरा पाचवीतल्या मुलीला दिला आणि त्याच्या हातात टाळ. त्याची आई पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसलेली. (हल्ली पालकांना गाणं मोबाइलमधूनच ऐकू येतं, असा माझा समज झालाय.) टाळ काय धरले त्याने! मुलं शेवटी पळायला लागली, तर यानेच त्यांना लयीत ओढून आणलं. तोंड मात्र मिटलेलं. नंबर आला नाही. परीक्षकांनी 'सांघिकता' हा शब्द तीनदा वापरला.

बोच नंबराची नाही. महिनाभर तो तार सप्तकाच्या तोंडाशी श्वास घ्यायला थांबत होता. मला ते दिसत होतं. स्पर्धा जवळ आली होती म्हणून मी काणाडोळा केला. आधी बोललो असतो तर निदान विंगेत तरी चिरकला नसता.

व्हिएन्नाच्या दरबारी प्रार्थनागृहात मुलांचा गायकवृंद १४९८ पासूनचा. तिथे १८०८ मध्ये फ्रान्झ शूबर्ट दाखल झाला, पुढे मोठा संगीतकार झालेला. पंधराव्या वर्षी आवाज फुटला, तेव्हा गाण्याच्या कागदावर त्याने स्वतःच लिहून ठेवलं की आपण शेवटचे आरवलो, २६ जुलै १८१२. स्वतःचा शेरा त्याने स्वतः मारला, तोही हसत. आमच्या वहीत मुलांना कधी पेन दिलंय मी?

रविवारच्या तालमीला तो आला नाही. टाळ त्याच्याकडेच राहिलेत.