थरची माती, नवी मुंबईचा जुलै

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी थरच्या वाळवंटातली माती निवडली, तेव्हा आई म्हणाली, "येऊरला माती नाही का गं?" आहे की! पण ठाण्यात वर्षाला 2,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मातीतला चुना तो धुऊन नेतो. जैसलमेरला हाच आकडा जेमतेम 200. तिथं पाणी थोडं मुरतं, वाटेतच सुकतं आणि विरघळलेला चुना तिथंच टाकून जातं. हजारो वर्षांत त्याचे कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, बनतात. कंकरांचा थर किती खोल, यावरून पाऊस कुठवर पोचायचा याचा अंदाज येतो. मला तेच शोधायचं होतं. टेकड्यांचे फोटो काय, सगळेच काढतात.

खड्ड्याची भिंत खरवडून साफ करायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत खाली जायचं, चुन्यामुळे जोरात फसफसलं की खूण. नमुने मात्र खालून वर घ्यायचे, नाहीतर वरची माती खालच्या थरावर सांडते.

हे सोपं. कस लागला तो ऐरोलीच्या खाडीपलीकडे, प्रयोगशाळेत, भर पावसाळ्यात. खारट नमुने दमट हवेतलं पाणी शोषतात. तराजूवर ठेवलेल्या पुडीचं वजन डोळ्यांदेखत चढायचं. मग प्रत्येक पुडी डेसिकेटरमध्ये, म्हणजे सिलिका जेलनं हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात. माती एरवी 105 अंशांवर वाळवतात, पण जिप्सम हे खनिज असेल तर त्याच्या स्फटिकातलंच पाणी उडतं आणि हिशोब चुकतो. अशा नमुन्यांना मॅडमनी 50च्या वर जाऊ दिलं नाही. चिकणमाती, म्हणजे 2 मायक्रॉनहून बारीक कण, मोजायची तर नळकांड्यातल्या पाण्यात ढवळून थांबायचं: 2 मायक्रॉनचा कण 10 सेंटिमीटर खाली यायला 20 अंशांच्या पाण्यात साधारण आठ तास घेतो, आपल्याकडच्या 30 अंशांच्या पाण्यात साडेसहा तासांच्या आत. उकाड्याचा एवढाच काय तो फायदा.

एका खड्ड्यात कंकरांचे दोन थर निघाले. खालचा थर जास्त पावसाच्या काळातला, असं मी लिहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "वर नंतर वाळू साचली असेल तर?" तसं असेल, तर थर पावसामुळे नाही, वरच्या वाळूमुळे खोल दिसतो; मग खोली मोजून भागत नाही, वाळू शेवटचं ऊन कधी खाऊन गाडली गेली ते काढावं लागतं. त्यासाठी बंद नळी ठोकून, उजेड लागू न देता नमुना आणायचा. सध्या मी नळ्यांच्या टोपणांवर काळी टेप गुंडाळतेय.