आधी गॉगल आणा

लहान मुलांच्या बागेत एक तरुण पेट्रोलने निथळत बसलाय. हातात लायटर. प्रेयसी त्याला सोडून त्याच्याच मित्राबरोबर गेलीय, आणि तो दारूत तर्र. पोलीस सार्जंट कॅथरीन केवूड तिथे पोचते ती वाटेतल्या दुकानातून आग विझवायचं नळकांडं आणि एक गॉगल उचलून. त्याला स्वर्गात जायचं असेल तर खुशाल जावं, पण माझ्या भुवया घेऊन जायचं कारण नाही, असं तिचं म्हणणं. मग त्या पोराला बोलतं ठेवायला ती आपली ओळख करून देते. वय ४७, घटस्फोटित, हेरॉइन सोडलेल्या बहिणीसोबत राहते. दोन मुलं, त्यातलं एक वारलं, दुसरं बोलत नाही. शिवाय एक नातू. हे सगळं एका दमात, रेशनकार्डावरची नावं वाचून दाखवावीत तसं.

‘हॅपी व्हॅली’ ही बीबीसीची मालिका २०१४ साली अशी सुरू होते, आणि त्या पाच मिनिटांत मी तिची कायमची झाले. तीन पर्व, प्रत्येकात सहा भाग, म्हणजे अवघे अठरा. आपल्याकडे अठरा भागांत साखरपुड्याची साडीसुद्धा ठरत नाही.

आपल्या मालिकांमध्येही खंबीर बाया असतातच. प्रोमोतच तसं सांगितलेलं असतं. आधी दोनशे भाग सोसायचं, मग एके संध्याकाळी पदर खोचून कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढायचा, आणि तो आवाज तीन बाजूंनी तीनदा दाखवायचा. समोरचे दहाबारा नातेवाईक एकेक करून थक्क होतात. कॅथरीनच्या वाट्याला असलं काही येत नाही. तिच्याकडे बघून थक्क व्हायला कुणाला सवडच नाही. अंगात ते ढगळ पिवळं जॅकेट, कमरेला दहा गोष्टी लटकवलेल्या, आणि ड्यूटी संपवून घरी आली की आधी चहाचं आधण.

गोष्ट घडते इंग्लंडमधल्या यॉर्कशरात. लेखिका सॅली वेनराइट त्याच मुलखात, सोवर्बी ब्रिजला वाढली. काल्डर नदीचं खोरं, हिरव्यागार टेकड्या, मधूनच उभी राहिलेली जुन्या गिरण्यांची दगडी धुराडी. चित्रात काढावं असं सुंदर. पण गिरण्या गेल्या आणि अमली पदार्थ आले. ‘हॅपी व्हॅली’ हे पोलिसांनीच त्या भागाला दिलेलं कडवट नाव. गिरणगावच्या कडेने वाढलेल्या माणसाला हे फार उलगडून सांगावं लागत नाही. भाषेचं मात्र अवघड आहे. त्यांचं यॉर्कशरी इंग्रजी खाली अक्षरं लावल्याशिवाय मला निम्मं कळलं नाही.

कॅथरीनची मुलगी बेकी बलात्कारानंतर बाळंत झाली आणि मग तिने जीव दिला. त्या मुलाला, रायनला, वाढवायचं कॅथरीनने ठरवलं. नवऱ्याला ते झेपलं नाही, तो सोडून गेला. मुलगा तुटला. ती स्वतः गुन्हे शाखेत होती, तिथून पुन्हा गणवेशातल्या ड्यूटीवर आली. रायनचा बाप, बेकीच्या मरणाला जबाबदार असलेला टॉमी ली रॉयस तुरुंगातून सुटलाय, इथून गोष्ट सुरू होते. एवढं दुःख आपल्या लेखकांच्या हाती लागतं, तर पाच वर्षं पुरवून वापरलं असतं!

मला ती आवडते, कारण ती चुकते आणि मालिका तिला झाकत नाही. हाताखालच्या कोवळ्या कर्स्टनला ती कडक बोलते, आणि थोड्याच वेळात ती मुलगी गाडी अडवताना मारली जाते. रायनवर ओरडते. दुसरं लग्न केलेल्या माजी नवऱ्याच्या पुन्हा जवळ जाते. हट्टी तर इतकी, की बहिणीच्या जागी मी असते तर कधीच भांडून वेगळी राहिले असते.

ती बहीण, क्लेअर. मागच्या दारी पायरीवर बसून दोघी सिगरेट ओढत बोलतात, ते प्रसंग मी पाठलागांपेक्षा जास्त मन लावून पाहिले. आणि म्हणूनच तिसऱ्या पर्वातला कॅफे मला सहन झाला नाही. टॉमी आता पुन्हा तुरुंगात आहे, आणि रायन त्याला तिथे भेटतोय हे कॅथरीनला कळतं. रायनला तिथवर कोण नेतं हे बघायला ती शेफील्डला जाते, तर काचेपलीकडे क्लेअर बसलेली. बाहेरूनच ती फोन लावते, कुठे आहेस म्हणून विचारते. क्लेअर भलतंच ठिकाण सांगते. कॅथरीनचं काम करणारी सॅरा लँकाशर तेव्हा चेहऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही. मग आत जाऊन समोर बसते. या कामासाठी तिला २०२४ साली बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधलं मानाचं पारितोषिक, मिळालं. दुसऱ्या पर्वासाठी आधीच मिळालं होतं.

रायनचं काम करणारा मुलगा मोठा व्हावा म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वाच्या मधे सात वर्षं जाऊ दिली, हेही विशेषच. इथे तेवढ्यात दोन पिढ्यांची लग्नं उरकली असती.

शेवट आता सांगून टाकते, २०२३ च्या फेब्रुवारीपासून तो जगजाहीर आहे. कैदेतून पळालेला टॉमी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलेला, जखमी. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती झटापट होतच नाही. दोघं बोलतात. तो फोटोंचे अल्बम पाहत बसलेला असतो. मग तो अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतो, आणि ती धडपडत त्याच्यावर पांघरूण टाकून आग विझवते. नंतर बहिणीला सांगते काय, तर जरा बाचाबाची झाली, मी जिंकले, आणि क्रोशाचं एक पांघरूण बहुधा करपलंय.

निवृत्त झाल्यावर जुनी लँड रोव्हर घेऊन हिमालय गाठायचा तिचा बेत आहे. पुढे ती गेली की नाही, मालिका सांगत नाही. मी गेली असंच धरून चालते. मनालीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत ती अडकली असेल, आणि अर्ध्या तासात खाली उतरून वाहतूक स्वतःच्या हातात घेतली असेल.