टिक् टिक् आणि पंधरा जीबी

सकाळी जुनी हार्डडिस्क लावली तर आतून टिक् टिक् आवाज. काळजात धस्स झालं! आबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो, घराची कागदपत्रं, सगळं तिच्यातच. तिसऱ्या खेपेला एकदाची उघडली आणि श्वास रोखून १८० जीबी लॅपटॉपवर ओढून घेतलं.

मग दिवसभर एकच उद्योग, हे ऑनलाइन ठेवायचं कुठे? गूगलचे फुकटचे १५ जीबी म्हणजे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजतात. वनड्राइव्ह ५ देतं, ड्रॉपबॉक्स २. म्हणजे पैसे मोजणं आलंच.

पण खरी मेख वेगळीच. इतकी वर्षं मी ज्याला बॅकअप समजत होतो, ते नुसतं सिंक होतं. इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग रामराम. गेल्या वर्षी ताईने ‘जरा जागा करते’ म्हणत उडवलेलं फोल्डर असंच गेलं. (तिला अजून सांगितलेलं नाही.)

शेवटी २०० जीबीचा प्लॅन घेतला, शिवाय एक नवी डिस्क. आधार-पॅन वगैरे पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये. आमच्या नेटचा अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे हिशेबाने चाळीस तास!

आत्ता रात्री अकराला ६ टक्के झालंय. आईला बजावलंय, लॅपटॉपचं झाकण लावू नकोस. तिने धूळ बसू नये म्हणून वर क्रोशाचा रुमाल टाकलाय.